गोमांसाचा खिमा परत मागवतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००६ पासून न्यू जर्सीत आहे. आमच्या घरी सगळं खातात, आणि खिम्याची ताजी बातमी आली की ओळखीची मंडळी मला फोन करतात, कारण या विषयाचा मी बरीच वर्षं पिच्छा पुरवला आहे. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी, उन्हाळ्यातल्या सहलीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

रिकॉल म्हणजे सरकार येऊन माल जप्त करतं का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. मांसाचा रिकॉल कायद्याने ‘ऐच्छिक’ असतो. कृषी खात्याची मांस-तपासणी यंत्रणा, म्हणजे एफएसआयएस, कंपनीला माल परत मागवायला सांगते, कंपनी तसं जाहीर करते आणि बातमी येते. कंपनी अडून बसली तर खातं माल अडकवून ठेवू शकतं, कारखान्यातले आपले तपासनीस काढून घेऊ शकतं. तपासणीच्या शिक्क्याशिवाय मांस विकता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कुणी नाही म्हणत नाही. पण ‘परत मागवा’ असा थेट हुकूम काढायचा अधिकार या खात्याकडे नाही. बाकीचं बरंचसं अन्न ज्यांच्या अखत्यारीत येतं त्या एफडीएला तो अधिकार २०११ च्या कायद्याने मिळाला. पालकाची भाजी परत मागवायचा हुकूम निघू शकतो, खिमा परत मागवायचा निघू शकत नाही. मला हे आजही पटत नाही.

बातमीत ‘क्लास वन’ असं दिसलं तर तो माल खाल्ल्याने गंभीर आजार किंवा मृत्यू होण्याची दाट शक्यता आहे, असा त्याचा अर्थ. ई. कोलायचे रिकॉल याच वर्गात येतात.

खिम्यातच एवढा धोका का? मांसाच्या अख्ख्या तुकड्यात का नाही?

ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू जनावराच्या आतड्यात राहतो. जनावर स्वतः आजारी पडत नाही, त्यामुळे बघून काही कळत नाही. कत्तलखान्यात कातडं सोलताना किंवा कोठा काढताना शेणाचा अंश मांसाला लागतो, तो पृष्ठभागावर. अख्खा तुकडा तव्यावर टाकला की बाहेरची बाजू आधी भाजते आणि जंतू मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचं आत जातं. तुकड्याच्या वर जे होतं ते आता पॅटीच्या मधोमध आहे, आणि उष्णता तिथेच सर्वांत शेवटी पोचते.

दुसरी गोष्ट मिसळीची. मोठ्या कारखान्यात खिमा एका जनावराचा नसतो. वेगवेगळ्या कत्तलखान्यांतून छाटणीचे तुकडे येतात, कधी परदेशातूनही येतात, आणि चरबीचं प्रमाण जुळवण्यासाठी एकत्र दळले जातात. २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मायकल मॉस यांनी एका नृत्यशिक्षिकेच्या ताटात आलेल्या पॅटीचा माग काढला. ती पॅटी खाऊन त्या तरुणीच्या कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. त्या एका पॅटीतलं मांस नेब्रास्का, टेक्सस, साउथ डकोटा आणि उरुग्वे इतक्या ठिकाणांहून आलेलं निघालं. यातला कुठला कत्तलखाना चुकला हे दळल्यानंतर शोधणार कसं?

१९९३ साली नेमकं काय झालं? सगळीकडे त्याचाच दाखला का देतात?

कारण त्याआधी आणि त्यानंतर असे दोन काळ पडले. हा जंतू माणसाला आजारी करतो हे १९८२ मध्येच कळलं होतं, ओरेगॉन आणि मिशिगनमध्ये हॅम्बर्गर खाऊन लोक आजारी पडले तेव्हा. पण सामान्य माणसाला त्याचं नाव माहीत नव्हतं. १९९३ च्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या रुग्णालयांत लहान मुलं रक्ताचे जुलाब घेऊन येऊ लागली. माग जॅक इन द बॉक्स या साखळीच्या हॅम्बर्गरपर्यंत पोचला. वॉशिंग्टन, आयडाहो, कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा मिळून ७०० हून जास्त लोक आजारी पडले आणि ४ मुलं दगावली. कित्येक मुलांची मूत्रपिंडं कायमची अधू झाली.

त्यातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट १५ अंशांची आहे. पॅटीच्या आतलं तापमान १५५ अंश फॅरेनहाइटपर्यंत गेलं पाहिजे असा नियम वॉशिंग्टन राज्याने आधीच केला होता. साखळीत मात्र १४० अंशांचा जुना संघीय निकष पाळला जात होता. तेवढ्या फरकात जंतू जगले.

पुढच्या वर्षी, १९९४ च्या सप्टेंबरात, एफएसआयएसचे तेव्हाचे प्रमुख मायकल टेलर मांस उद्योगाच्या संमेलनात उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की कच्च्या खिम्यात ओ१५७:एच७ सापडला तर तो माल कायद्याने भेसळयुक्त ठरेल. भेसळयुक्त म्हणजे विकायलाच बंदी. तोवर कच्च्या मांसातला जंतू ही निसर्गाची गोष्ट आणि तो मारणं हे रांधणाऱ्याचं काम, असं धरलं जाई. उद्योग कोर्टात गेला आणि हरला. टेक्ससमधल्या संघीय न्यायालयाने सांगितलं की अमेरिकेत लोक हॅम्बर्गर अर्धवट भाजून खातात आणि त्यालाच योग्य भाजणं समजतात, त्यामुळे त्यातून वाचणारा जंतू ही भेसळच.

कारखान्यांनी त्यानंतर गरम पाण्याचे आणि वाफेचे झोत, आम्लाचे फवारे असे उपाय हळूहळू आणले. सरकारी तपासणीत सन २००० मध्ये खिम्याच्या दर हजार नमुन्यांपैकी आठ-नऊ नमुन्यांत हा जंतू सापडत होता. २००४ मध्ये ते प्रमाण दोनच्याही खाली आलं. हे होऊच शकत नाही, असं उद्योगाचं म्हणणं असतानाच ते झालं.

साल्मोनेला सापडला तर मात्र रिकॉल होत नाही, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. साल्मोनेला हा मांसात आढळणारा, माणसाला आजारी करणारा दुसरा जंतू. या विषयातला सर्वांत मोठा वाद हाच.

१९७४ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अपील न्यायालयासमोर एक दावा होता: कच्च्या मांसाच्या पाकिटावर साल्मोनेलाचा इशारा छापावा का? न्यायालय नाही म्हणालं. कारण असं दिलं की अमेरिकेतल्या गृहिणी आणि स्वयंपाकी काही अडाणी किंवा मूर्ख नाहीत, त्यांच्या रांधण्याच्या रीतीने सहसा साल्मोनेलाचा आजार होत नाही. वाचताना हे बायकांचं कौतुक वाटतं. परिणाम मात्र असा झाला की जबाबदारी कारखान्याच्या दारातून उचलून ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या पदरात टाकली गेली. मग २००१ मध्ये टेक्ससच्या सुप्रीम बीफ कंपनीचा निकाल आला. साल्मोनेलाच्या सरकारी चाचण्यांत ती तीनदा नापास झाली होती. तरीही केवळ तेवढ्या कारणाने कारखाना बंद पाडता येणार नाही, असं पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सस भागातल्या, संघीय अपील न्यायालयाने ठरवलं.

म्हणून आज स्थिती अशी: ओ१५७:एच७ आणि २०१२ पासून त्याचे सहा भाऊबंद (ओ२६, ओ४५, ओ१०३, ओ१११, ओ१२१, ओ१४५) सापडले की माल भेसळयुक्त. साल्मोनेला सापडला तर मालावर शिक्का बसतो आणि तो दुकानात जातो. माणसं आजारी पडून त्यांचा धागा त्या मालाशी जुळला, तर रिकॉल. २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टॉलेसन इथल्या जेबीएसच्या कारखान्याबाबत तसंच झालं. ऑक्टोबरात ६५ लाखांहून जास्त पाउंड, डिसेंबरात आणखी ५० लाखांहून जास्त. शेवटी ३० राज्यांत मिळून ४०३ लोक आजारी पडले, ११७ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं.

यात आणखी एक विसंगती आहे. शाळांच्या दुपारच्या जेवणासाठी सरकार जो खिमा विकत घेतं, त्यात साल्मोनेला सापडला तर सरकारच तो घेत नाही. मग तोच खिमा माझ्या मुलाने घरी खाल्लेला कसा चालतो? १९९३ च्या मुलांच्या कुटुंबांसाठी लढलेले वकील बिल मार्लर यांनी २०२० मध्ये साल्मोनेलाचे ३१ उपप्रकार भेसळ ठरवा, असा अर्ज खात्याकडे केला. तो फेटाळला गेला. कोंबडीच्या मांसासाठी २०२४ मध्ये एक मसुदा आला होता, तोही २०२५ च्या एप्रिलमध्ये मागे घेण्यात आला.

उद्योगाचं म्हणणं मी ऐकलेलं आहे: साल्मोनेला जनावराच्या लसिकाग्रंथींतही लपतो, वरून धुऊन जात नाही, आणि एवढा माल नाकारला तर भाव भडकतील. पहिला मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण १९९४ मध्येही असंच अशक्य आहे म्हणून सांगितलं गेलं होतं, आणि पुढच्या दहा वर्षांत आकडे कुठे आले ते वर दिलं आहे.

लाखो पाउंड माल परत मागवतात. तो खरंच परत येतो का?

बराचसा येत नाही, कारण तो पोटात गेलेला असतो.

२००७ चं टॉप्स मीटचं प्रकरण पाहा. कारखाना एलिझाबेथमध्ये, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. मी या देशात नवीन होते आणि ती बातमी मी अक्षरशः कापून ठेवली होती. २५ सप्टेंबरला ३ लाखांच्या आसपास पाउंडांचा रिकॉल जाहीर झाला आणि चारच दिवसांत आकडा २ कोटी १७ लाख पाउंडांवर गेला. एवढा का? कारण त्यात आख्ख्या एका वर्षाचं उत्पादन आलं. वर्षभरापूर्वीच्या पॅटी कोणाच्या फ्रीझरमध्ये उरल्या असतील? सरकारी चाचणीत जंतू ७ सप्टेंबरलाच सापडला होता. पहिली घोषणा व्हायला १८ दिवस गेले, आणि त्यावरून खात्याला फार बोल लागले. कंपनी १९४० पासूनची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिला टाळं लागलं आणि कामगार घरी बसले. हेही नुकसानच, आणि ते त्यांच्या चुकीने झालं नव्हतं.

आकडा असा फुगण्यामागे एक साधी सवय असे. आज उरलेला खिमा उद्याच्या घाण्यात टाकायचा, उद्याचा परवाच्या. इडलीच्या पिठात कालचं उरलेलं पीठ घालावं, तसंच. १९९७ मध्ये नेब्रास्कातल्या कोलंबस इथल्या हडसन फूड्समध्ये हेच चालत होतं. रिकॉल २० हजार पाउंडांपासून सुरू झाला आणि २ कोटी ५० लाख पाउंडांवर जाऊन थांबला, कारण एका दिवसाचा माल दुसऱ्या दिवसापासून वेगळा काढताच येत नव्हता.

पुढे एक चांगला नियम झाला. २०१३ पासून चाचणीचा निकाल येईपर्यंत माल कारखान्यातच रोखून ठेवावा लागतो. किती साधी गोष्ट! ती यायला १९९३ नंतर वीस वर्षं लागली.

१४ कोटी पाउंडांचा रिकॉल कशामुळे झाला होता?

२००८, वेस्टलँड-हॉलमार्क, कॅलिफोर्नियातलं चिनो. १४ कोटी ३० लाख पाउंड, म्हणजे साडेसहा कोटी किलो. त्यात कुठला जंतू सापडला नव्हता. उभ्या राहू न शकणाऱ्या गाईंना यंत्राने ढकलत कत्तलीकडे नेत असल्याचं छुपं चित्रीकरण एका प्राणिहित संस्थेने बाहेर आणलं. अशी जनावरं अन्नात घ्यायला बंदी होती, कारण त्यांच्यात मॅड काऊ रोगाची शक्यता जास्त. यातलं बरंच मांस शाळांना गेलेलं होतं. कारखान्यात सरकारी तपासनीस रोज हजर असायचे, तरी हे त्यांच्या नजरेतून सुटलं.

‘पिंक स्लाइम’ म्हणजे काय? ते विषारी आहे का?

विषारी नाही. छाटणीतली चरबी गरम करून, गरगर फिरवून वेगळी काढतात. उरतं ते बारीक मांस, आणि त्यावर जंतू मारायला अमोनिया वायू सोडत. ‘पिंक स्लाइम’ हे नाव कृषी खात्याच्याच एका शास्त्रज्ञाने २००२ मध्ये एका ईमेलात वापरलं. २०१२ मध्ये एबीसी न्यूजने ते घराघरांत पोचवलं, लोक खवळले, आणि ते बनवणाऱ्या बीफ प्रॉडक्ट्स कंपनीचे चारपैकी तीन कारखाने बंद पडले. कंपनीने खटला भरला; २०१७ मध्ये वाहिनीच्या मालकांनी किमान १७ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

माझं मत विचाराल तर लोकांचा राग चुकीच्या जागी खर्च झाला. खरी तक्रार एवढीच होती की ते पाकिटावर लिहिलेलं नसायचं. तो रास्त मुद्दा आहे. पण त्या वर्षी किळसेवर जेवढं बोललं गेलं, त्याच्या दशांशही साल्मोनेलावर बोललं गेलं नाही.

विकिरण करून, म्हणजे किरणांचा मारा करून, जंतू मारता येतात म्हणे. मग ते का करत नाहीत?

मारता येतात. लाल मांसाच्या विकिरणाला एफडीएची परवानगी १९९७ पासून आहे. काही दुकानांत असा खिमा मिळतोही, पाकिटावर हिरव्या वर्तुळातल्या पाकळ्यांची खूण असते. लोक ‘विकिरण’ शब्दाला बिचकतात आणि उचलत नाहीत.

इथे मराठी माणसाला एक सांगावंसं वाटतं. मे महिन्यात एडिसनच्या दुकानात जो हापूस तुम्ही पेटीने घेता, तो विकिरण झाल्याशिवाय या देशात येतच नाही. २००७ मध्ये आंबा सुरू झाला तो लासलगावच्या केंद्रातून; आता वाशीलाही सोय आहे. तिथे मात्रा कमी असते, कोयीतल्या किडीपुरती. मांसाला ती बरीच जास्त लागते. पण तत्त्व तेच, आणि आंबा काही किरणोत्सारी होत नाही. तरीसुद्धा विकिरण हे कत्तलखान्यातल्या स्वच्छतेला पर्याय म्हणून पुढे केलं जातं तेव्हा मी बिचकते. शेण लागलेलं मांस निर्जंतुक केलं तरी त्याला शेण लागलेलंच असतं.

आतून तपकिरी झालं म्हणजे शिजलं ना?

नाही. गेल्या उन्हाळ्यात सहलीत मी शेगडीवरची एक पॅटी मोडून पाहिली. आतून छान तपकिरी, रस स्वच्छ. मुलं बन उघडून रांगेत उभी. सवयीने थर्मामीटरची सुई बाजूने मधोमध खुपसली, तर काटा १४५ वर. पाहिजे १६०, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस. काही खिमा शिजण्याआधीच रंग बदलतो, विशेषतः हवा लागलेला किंवा बराच काळ गोठवलेला. उलट काही खिमा नीट शिजूनही गुलाबी राहतो. पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या.

आपला नेहमीचा खिमा, मटार घालून पाणी आटेपर्यंत परतलेला, या बाबतीत सुरक्षित आहे. त्याला उकळी फुटलेली असते. प्रश्न येतो तो कबाब, कटलेट, पॅटी यांचा.

आणि खिमा धुऊ नका. हे सांगितलं की आमच्या आईच्या कपाळावर आठी येते, कारण चाळणीत घालून नळाखाली खिमा धुणं ही तिची साठ वर्षांची सवय. पण नळाच्या धारेने उडालेले थेंब बाजूला चिरून ठेवलेल्या कांदा-कोथिंबिरीवर जातात, आणि ती आपण वरून कच्चीच घालतो. ई. कोलायचे शंभराच्या आतले कणही आजाराला पुरतात. फ्रीझरमध्येही तो मरत नाही, नुसता थांबून राहतो.

आम्ही शाकाहारी आहोत. आमचा काय संबंध?

दुर्दैवाने आहे. जंतू गुरांचा असला तरी पाण्यातून शेतात जातो. २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या युमा भागातल्या रोमेन सॅलडच्या पानांनी २१० लोक आजारी पडले आणि ५ जण गेले. तो जंतू कालव्याच्या पाण्यात सापडला, आणि त्या कालव्याजवळ गुरांचा प्रचंड मोठा गोठा होता. २०२४ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या क्वार्टर पाउंडरने लोक आजारी पडले तेव्हा सगळ्यांनी मांसाकडे बोट दाखवलं; दोष बहुधा चिरलेल्या कच्च्या कांद्याचा होता.

मूल आजारी पडलं तर काय पाहायचं?

ई. कोलाय पोटात गेल्यावर साधारण तीन-चार दिवसांनी पोटात जोराच्या कळा आणि जुलाब सुरू होतात, बऱ्याचदा रक्तासकट. रक्त दिसलं की डॉक्टर गाठा आणि शौचाची तपासणी करायला स्वतः सांगा. काय खाल्लं, कधी, कुठून आणलं, ते लिहून न्या.

भारतातून येताना बॅगेत आणलेली अँटिबायोटिकची पट्टी कृपा करून काढू नका. जुलाब थांबवायची गोळीही नको. या जंतूच्या बाबतीत दोन्हींनी धोका वाढू शकतो. निदान झालेल्यांपैकी शंभरात पाच ते दहा जणांना एचयूएस होतो: तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडं काम सोडतात. पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त. जुलाब कमी होतायत, आता बरं वाटतंय, अशाच सुमारास तो सुरू होतो. मूल फिकट दिसलं, लघवी कमी झाली, गळून गेलं, तर सकाळची वाट पाहू नका.

पाकीट रिकॉलमधलं आहे हे ओळखायचं कसं?

तपासणीच्या गोल शिक्क्यात किंवा पाकिटावर ‘ईएसटी’ या अक्षरांपुढे कारखान्याचा क्रमांक असतो. तो आणि तारीख, या दोन गोष्टी घोषणेशी ताडून पाहा. ब्रँडच्या नावावर जाऊ नका, एकाच कारखान्यातला माल दहा नावांनी विकला जातो. क्लास वन रिकॉलमध्ये दुकानांची यादीही जाहीर होते.

आपल्यापैकी बरेच जण मोठं पाकीट आणून घरी छोट्या पिशव्या भरतात आणि मूळ वेष्टन फेकून देतात. मग काहीच ताडता येत नाही. मी आता लेबलचा तुकडा कापून पिशवीत बाहेरून दिसेल असा ठेवते. दुकानातच दळून दिलेल्या खिम्यासाठी, कुठल्या कारखान्याचं मांस कधी दळलं याची नोंद ठेवणं २०१६ पासून दुकानदारावर बंधनकारक आहे. विचारायला संकोच करू नका.

पाकीट सापडलं तर फेकायचं का?

घरात कुणी आजारी नसेल तर दुकानात परत द्या, पैसे मिळतात, किंवा दुहेरी पिशवीत बांधून टाका. कुणी आजारी असेल तर फेकू नका. बंद पिशवीत, ‘खाऊ नये’ असं लिहून फ्रीझरच्या तळाशी ठेवा आणि काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवा. त्या उरलेल्या खिम्यातल्या जंतूचा आणि रुग्णाच्या शरीरातल्या जंतूचा जनुकीय ठसा जुळला, तर कारखान्यापर्यंत पोचता येतं.